बाळंतपणात फाकलेलं पोट आणि 'कॉस्मेटिक'चा शिक्का : आरोग्य विम्याचे निकष ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
आरोग्य विमा आणि सार्वजनिक आरोग्य योजनांचे निकष ठरवणाऱ्या समित्यांचे सन्माननीय सदस्य

सविनय नमस्कार.

बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू मधोमध फाकलेल्या स्त्रियांवर उपचार करणारे आम्ही शल्यचिकित्सक आणि फिजिओथेरपिस्ट आहोत. ते स्नायू पुन्हा जवळ आणून शिवण्याच्या शस्त्रक्रियेचा विमा-दावा आपल्याकडे आला की तो बहुतेक वेळा एकाच शब्दावर परत येतो : 'कॉस्मेटिक'. नुसता दावा नाकारला गेला असता तर पैशांपुरतं भांडण झालं असतं. पण टेबलावर कोणती शस्त्रक्रिया होणार हेही याच शब्दावरून ठरतं, आणि पुष्कळदा चुकीची ठरते. बेंबीच्या हर्नियाला मंजुरी मिळते, त्याच्या भोवतीच्या पोटाच्या सैल भिंतीला मिळत नाही. मग हर्निया शिवला जातो आणि भिंत तशीच राहते. हे आम्हांला गप्प बसून मान्य करता येणार नाही. पत्र जाहीरपणे लिहितो आहोत, कारण ज्यांच्या पोटाचा हा प्रश्न आहे त्यांनाही आपल्या शरीरात काय झालंय आणि डॉक्टरांना काय विचारायचं हे कळायला हवं.

आधी दुखणं नेमकं काय ते सांगतो. पोटाच्या पुढच्या बाजूला रेक्टस स्नायूंचे दोन उभे पट्टे असतात, बरगड्यांपासून खाली जघनास्थीपर्यंत. त्यांना मधोमध सांधणारी, कोलॅजनच्या तंतूंनी विणलेली पट्टी म्हणजे लिनिया अल्बा. दोन्ही कुशींकडून येणाऱ्या तीन-तीन सपाट स्नायूंचे पडदे याच पट्टीत एकमेकांत गुंफलेले असतात. म्हणून वाकणं, उठणं, वजन उचलणं, खोकणं या सगळ्यांचा ताण शेवटी इथे येतो. गरोदरपणात ही पट्टी रुंदावते आणि पातळ होते, फाटत नाही. हर्नियात भोक असतं, इथे भोक नसतं. खाटेची नवार कुठे तुटलेली नाही, पण सैल पडून झोळ आलाय, तसं हे. आणि आपले निकष नेमके याच फरकावर बोट ठेवतात : भोक असेल तर आजार, झोळ असेल तर दिसण्याचा प्रश्न.

दोन पट्ट्यांमध्ये फट, म्हणजे जादा अंतर, आहे एवढ्यावरून शस्त्रक्रिया लागते असं आमचं म्हणणं अजिबात नाही. मूल न झालेल्या 150 स्त्रियांच्या सोनोग्राफीवर आधारलेल्या, 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बेंबीच्या 3 सेंटिमीटर वर ही पट्टी 22 मिलिमीटरपर्यंत रुंद असणं सामान्य धरलं आहे. वर छातीच्या हाडाच्या टोकाशी ती मर्यादा 15 मिलिमीटर आहे आणि बेंबीच्या 2 सेंटिमीटर खाली 16. युरोपियन हर्निया सोसायटीच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचना 2 सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतराला डायस्टॅसिस म्हणतात. पहिलटकरणींच्या एका अभ्यासात (2015) गरोदरपणाच्या 35 व्या आठवड्यात सगळ्यांनाच फट होती, बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी ती 39 टक्के जणींत उरली. नॉर्वेमधल्या 300 पहिलटकरणींच्या अभ्यासात (2016) हे प्रमाण सहा आठवड्यांनी 60 टक्के, सहा महिन्यांनी 45 टक्के आणि वर्षाने 33 टक्क्यांच्या आसपास होतं. फट असलेल्यांना नसलेल्यांपेक्षा कंबरदुखी जास्त होती असंही त्या अभ्यासात आढळलं नाही. हा निष्कर्ष आपल्या बाजूचा वाटेल. तरी आम्ही तो दडवणार नाही. पण त्यातल्या बहुतेक फटी सौम्य होत्या. बहुतेकींना शस्त्रक्रिया लागत नाही, एवढंच त्यावरून म्हणता येतं. कोणालाच लागत नाही, हे त्यातून निघत नाही.

आता आमच्या तक्रारी.

पहिली तक्रार मोजमापाची. दाव्यासोबत उभ्याने काढलेला फोटो मागितला जातो, आणि तपासणाऱ्याला त्यात फक्त सुटलेलं पोट दिसतं. दुखणं दिसतं ते झोपल्यावर. स्त्रीला उताणं झोपवून, गुडघे दुमडून, डोकं आणि खांदे हलकेच उचलायला सांगा. पट्टी घट्ट असेल तर पोट सपाट राहतं. निकामी झाली असेल तर बरगड्यांच्या खाचेपासून बेंबीपर्यंत पालथ्या नावेसारखा उभा उंचवटा वर येतो. त्याच्यावर बोटं आडवी ठेवून दाबली तर ती आत बुडतात, तळाशी आधार लागत नाही, आणि दोन्ही बाजूंना रेक्टसच्या कडा भिंतीसारख्या लागतात. डोकं टेकवलं की उंचवटा मावळतो. अशा पोटाच्या स्त्रीला अंथरुणातून सरळ उठता येत नाही, कुशीवर वळून हाताने रेटा द्यावा लागतो. बाळ उचलताना मधला जोर गेल्यासारखा वाटतो. दिवस कलता कलता पोट पुन्हा गरोदर असल्यासारखं फुगतं. काहींना कंबरदुखी, काहींना खोकताना लघवी निसटण्याचा त्रास.

बोटांनी मोजणं हे प्राथमिक तपासणीपुरतं ठीक. डोकं जितकं जास्त उचलाल तितकी फट अरुंद भासते, आणि तपासणाऱ्याची बोटं जाड की बारीक यावर आकडा बदलतो. म्हणून सोनोग्राफी हवी : बेंबीवर, बेंबीच्या 3 सेंटिमीटर वर आणि 2 सेंटिमीटर खाली, स्नायू सैल असताना आणि डोकं उचललेलं असताना, दोन्ही वेळा. शिवाय रुंदीइतकंच पट्टीच्या ताणाला महत्त्व आहे. अडीच सेंटिमीटरची पट्टी ताठ असेल तर ती स्त्री वजनं उचलते. तेवढीच पट्टी डोकं उचलताना लोंबून मागेपुढे होत असेल तर भिंत ताण पेलू शकत नाही. ही नोंद अहवालात क्वचितच असते, कारण ती कोणी मागत नाही.

दुसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे. फाकलेल्या पट्टीत बेंबीशी किंवा तिच्या वर लहानसा हर्निया असणं नेहमीचं. आपले निकष त्या भोकाला मंजुरी देतात आणि बाजूच्या झोळाला नाकारतात. मग सर्जन भोकाच्या कडा ओढून टाके घालतो. पण त्या कडा म्हणजे आधीच विरलेलं कापड! 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 2 सेंटिमीटरपेक्षा लहान हर्निया नुसते टाक्यांनी शिवले होते. ज्यांना डायस्टॅसिस नव्हतं त्यांच्यात हर्निया उलटण्याचं प्रमाण 8.3 टक्के, ज्यांना होतं त्यांच्यात 31.2 टक्के. म्हणजे जवळपास तिघांमागे एकाचा हर्निया उलटतो, आणि त्यासाठीच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेला मात्र आपण आनंदाने पैसे देता.

नुकसान इथेच थांबत नाही. बेंबीला रक्त दोन वाटांनी मिळतं : भोवतालच्या त्वचेतून आणि खालच्या देठातून. भिंतीची खुली दुरुस्ती करताना बेंबीभोवतीची त्वचा कापावीच लागते, म्हणजे पहिली वाट बंद होते आणि बेंबी देठावर जगते. आधीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेत देठ सुटा झाला असेल तर नंतरच्या दुरुस्तीत बेंबी काळी पडून झडू शकते. भिंतीला आधार म्हणून आधी बसवलेली कृत्रिम जाळी भोवतीच्या ऊतींत रुजून कडक होते, आणि नंतर कडा जवळ आणायच्या म्हटलं की ती आडवी येते. 'आधी हर्निया करून घ्या, बाकीचं पुढे बघू' हा सल्ला आपल्या नियमावलीतून जन्मतो आणि पुढची वाट अवघड करून ठेवतो. दोन्ही कामं एकाच वेळी, एका आखणीने व्हायला हवीत.

तिसरी तक्रार त्वचेची. शस्त्रक्रियेत त्वचा काढली म्हणजे ती सौंदर्यासाठीच, असं धरलं जातं. त्यासाठी प्रत्यक्षात काय करतात ते पाहा. खुल्या पद्धतीत ओटीपोटावर, एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत आडवा छेद घेतात. त्वचा आणि चरबीचा थर स्नायूंच्या आवरणावरून सुटा करत वर छातीच्या हाडापर्यंत नेतात. बेंबी देठासकट जागेवर राहते. रेक्टसच्या आतल्या कडांवर लांबट आकाराची खूण करून त्या दोन रेघा टाक्यांनी एकमेकींना भिडवतात : आधी सुटे टाके, गाठी आत दडवलेल्या, आणि त्यावर वरपासून खालपर्यंत सलग टाक्यांचा दुसरा थर. भिंत अरुंद झाली की वरचं कातडं तिला मोठं होतं. ताणलेली त्वचा तशीच परत पसरली तर घड्या पडतात आणि खाली पोकळी राहून पाणी साठतं. जादा त्वचा काढणं हा त्या वाटेचाच भाग आहे. कमरेच्या बाजूंची चरबी ओढून काढणं हा वेगळा विषय. त्याचे पैसे आपण देऊ नयेत, आम्हीही ते मागत नाही.

या पद्धतीत चुकतं कुठे, हेही सांगतो, कारण दर्जाचे निकष आपल्याच हाती आहेत. टाके छातीच्या हाडापर्यंत न नेता बेंबीच्या थोडं वर थांबवले की वरचा भाग फुगून राहतो, आणि ती स्त्री वर्षाने नवीन उंचवटा घेऊन परत येते. धागा चुकीचा निवडला तरी तेच होतं. लवकर विरघळणाऱ्या पॉलिग्लॅक्टिन धाग्याची ताकद तीन आठवड्यांत निम्म्यावर येते; पॉलिडायोक्सॅनोनच्या जाड धाग्यात सहा आठवड्यांनंतरही सुमारे 60 टक्के ताकद असते; नायलॉन आणि पॉलिप्रोपिलीन विरघळतच नाहीत. कोलॅजनची नवी वीण पक्की व्हायला महिने लागतात, त्यामुळे पहिल्या जातीचा धागा इथे वापरूच नये. फार आवळलं तर पोटातला दाब वाढून छातीचा पडदा वर ढकलला जातो आणि श्वास तोकडा पडतो. भूलतज्ज्ञाने टाके ओढले जात असताना श्वासमार्गाच्या दाबावर लक्ष ठेवायला हवं. सर्वांत जास्त दिसणारी गुंतागुंत म्हणजे त्वचेखाली पाणी साठणं. त्यासाठी ड्रेनच्या नळ्या ठेवतात किंवा वरचा थर जागोजागी टाक्यांनी आवरणाला शिवून पोकळी मिटवतात. बेंबीखाली बधिरपणा बहुतेकींना काही महिने राहतो. धूम्रपान करणाऱ्यांत छेदाची कड मरण्याचा धोका मोठा, म्हणून ते निदान चार आठवडे आधी बंद. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रुग्णाला लवकरात लवकर उठवून चालवायचं.

चौथी तक्रार : जिथे मंजुरी मिळते तिथे ती एखाद्याच पद्धतीला मिळते, आणि मग त्या पद्धतीत बसणारी असो वा नसो, प्रत्येकीला तीच. खरं तर निवड तीन गोष्टींवर व्हावी : त्वचा किती सैल आहे, हर्निया आहे का, आणि फट किती रुंद आहे.

त्वचा चांगली असेल तर एवढा मोठा छेद लागतच नाही. जघनास्थीच्या वर तीन लहान छिद्रं घेऊन त्वचेखाली कमी दाबाच्या कार्बन डायऑक्साइडने जागा करतात आणि दुर्बिणीतून काटेरी धाग्याने भिंत शिवतात. हा धागा उलटा सरकत नाही, त्यामुळे प्रत्येक टाक्याला गाठ लागत नाही. लहान हर्निया त्याच वेळी शिवता येतो, गरज पडली तर वर जाळी बसवता येते. व्रण लहान, पण पाणी साठण्याचं प्रमाण इथेही बरंच आहे, आणि त्वचा खूप सैल असेल तर तिच्या घड्या तशाच राहतात. सिझेरियनचा व्रण असेल तर काहींमध्ये तोच थोडा वाढवून दुरुस्ती होते; मात्र तिथून छातीच्या हाडापर्यंत नीट पोचता येईल का, हे आधी पाहावं लागतं.

हर्निया मोठा असेल किंवा फट पाच सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल तर रेक्टसच्या मागे, त्याच्या मागच्या आवरणापुढे जाळी ठेवण्याची पद्धत विचारात घ्यावी लागते. ही खुलीही होते आणि दुर्बिणीनेही. जाळी स्नायूच्या कुशीत राहते, आतड्यांना लागत नाही. पण हे शिकाऊ हाताचं काम नव्हे. स्नायूच्या बाहेरच्या कडेने शिरणाऱ्या नसा दुखावल्या तर तो भाग कायमचा लुळा पडून फुगतो. मागच्या आवरणाचे टाके सुटले तर भिंतीच्या थरांमध्येच आतडं अडकतं. पोटाच्या पोकळीत, आतड्यांच्या बाजूने जाळी लावण्याचीही पद्धत आहे. ती करायला सोपी, पण जाळीला आतडी चिकटण्याचा धोका आयुष्यभर राहतो. तरुण बाईच्या साध्या डायस्टॅसिससाठी ती पहिली निवड असू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जाळी म्हणजे दर वेळी जास्त चांगलं, हाही समज सोडायला हवा. स्वीडनमधल्या, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्नायूमागची जाळी आणि टाक्यांचे दोन थर यांची तुलना झाली. वर्षाने निकाल सारखेच होते. हर्निया नसताना नुसत्या टाक्यांनी काम भागत असेल तर शरीरात परकी वस्तू कशाला ठेवायची?

पाचवी तक्रार थोडक्यात. शस्त्रक्रियेआधीच्या आणि नंतरच्या फिजिओथेरपीचे पैसे मिळत नाहीत. आधी व्यायाम केलेत का, असं आपण विचारता, आणि व्यायाम शिकवणाऱ्याचं बिल नाकारता! शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे जड वस्तू उचलायची नाही, पोटाला पट्टा, पहिले काही दिवस कमरेत किंचित वाकून चालायचं, उठताना कुशीवर वळायचं. ज्या बाईला तान्हं किंवा रांगतं मूल आहे तिने मूल न उचलता सहा आठवडे कसे काढायचे हे आधी ठरलं नाही, तर टाके तिच्या घरी तुटतात. हा सल्ला आणि त्यानंतरचा टप्प्याटप्प्याचा व्यायाम उपचारातच धरायला हवा.

हे निकष लिहिणं अशक्य नाही. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी मेडिकेअर योजनेने जुलै 2022 पासून गरोदरपणामुळे झालेल्या डायस्टॅसिसच्या दुरुस्तीला अटींसह मान्यता दिली : तपासणी-प्रतिमेत किमान 3 सेंटिमीटरची फट, डॉक्टरांनी नोंदवलेला त्रास, फिजिओथेरपीचा उपयोग न झालेला, आणि मागच्या 12 महिन्यांत गरोदरपण नाही. त्याआधी, 2018 साली, त्याच देशातल्या 214 स्त्रियांच्या अभ्यासात भिंतीच्या दुरुस्तीसह केलेल्या शस्त्रक्रियेनंतर कंबरदुखी आणि लघवीचा त्रास दोन्ही कमी झाल्याचं दिसलं होतं. त्या अभ्यासात तुलनेसाठी शस्त्रक्रिया न झालेला गट नव्हता, ही त्याची उणीव आम्ही मान्य करतो. पण इतका त्रास कमी झाल्याची नोंद असताना 'केवळ दिसण्यासाठी' असं म्हणणंही टिकत नाही.

आमच्या मागण्या अशा.

'कॉस्मेटिक शस्त्रक्रिया' या यादीतून बाळंतपणानंतरच्या डायस्टॅसिसची दुरुस्ती काढावी आणि तिला पोटाच्या भिंतीच्या शस्त्रक्रियांमध्ये स्वतंत्र जागा द्यावी. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये 3 सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त अंतर, नोंदवलेला त्रास, बाळंतपणाला किमान 12 महिने आणि किमान सहा महिन्यांची देखरेखीखालची फिजिओथेरपी झालेली असेल तर दावा मंजूर व्हावा. ही मर्यादा 3 सेंटिमीटरपेक्षा कमी अंतराच्या, पण पट्टी पूर्ण लोंबलेल्या रुग्णांसाठी तज्ज्ञाच्या लेखी मतावर शिथिल करता यावी.

डायस्टॅसिससोबत हर्निया असेल तर दोन्हींची एकत्र दुरुस्ती एकाच दाव्यात धरावी. अशा रुग्णाच्या हर्नियाला नुसते टाके घालायला मंजुरी देताना भिंत का सोडली, याचं कारण सर्जनकडून लेखी घ्यावं.

पद्धत कोणती वापरायची हे सर्जन आणि रुग्णाने ठरवावं. त्यासाठी संमतीपत्रात किमान एवढं असावं : पर्यायी पद्धती कोणत्या, धागा कोणता, जाळी वापरणार असल्यास ती कुठे बसणार, आणि पुढे गरोदर राहिल्यास दुरुस्ती पुन्हा सैल पडू शकते ही सूचना. पुढे मूल हवं असेल किंवा वजन अजून स्थिर नसेल तर थांबायचा सल्ला दिल्याची नोंदही त्यातच असावी.

शस्त्रक्रियेआधीची फिजिओथेरपी, नंतरचा व्यायाम आणि पोटाचा पट्टा हे सगळं मंजूर खर्चात यावं.

उभ्याने काढलेल्या फोटोवरून दावे नाकारणं बंद करावं. नकार द्यायचाच असेल तर पोटाच्या भिंतीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनने सोनोग्राफीचा अहवाल वाचून द्यावा, आणि कारण रुग्णाला तिच्या भाषेत, लेखी कळवावं.

आपल्या पुढच्या निकष-बैठकीत हा विषय घ्यावा आणि त्यावरचा निर्णय, होकार असो वा नकार, कारणांसह जाहीर करावा, ही विनंती.

आपले,
बाळंतपणानंतरच्या पोटाच्या भिंतीवर उपचार करणारे शल्यचिकित्सक आणि फिजिओथेरपिस्ट